जिंकलेल्या वस्तूंची फळी

पुणे
९ जून २०२४

विश्वेश,

तीन महिने पत्र नाही, फोन नाही, याबद्दल आधी क्षमा मागते. क्षमा मागणं मला जमतं. तुला जमलेलं मी अजून पाहिलेलं नाही. मार्चमध्ये तू "गो बाये, थंय बसान माका शाणपण शिकव नको" म्हणून फोन आपटलास. त्यानंतर मी तुझा नंबर लावला नाही. बोलायला लागले की मीही ओरडते, हे मला कळतं. कागदावर मला ओरडता येत नाही, म्हणून हे पत्र.

परवा भाईंना एकोणऐंशी पूर्ण झाली. विनीताने तुझ्या माघारी व्हिडिओ कॉल लावून दिला. बायकोवर चिडू नकोस, मीच तिला विनवलं होतं. जन्मदात्या बापाला वाढदिवसाला बघायला चुलतभावाची परवानगी लागते, असं मला वाटत नाही.

त्या कॉलमध्ये मला दोन गोष्टी दिसल्या.

पहिली, भाईंच्या खाटेसमोरची फळी रिकामी होती. ती फळी काय आहे हे तुला सांगायला नको, पण मला स्वतःसाठी नीट मांडून बघायचं आहे. इन्सुलीला नाक्याजवळ भाईंचं चहाचं हॉटेल होतं. कागद तपासून होईपर्यंत ट्रकवाले तिथे ताटकळत बसायचे, आणि भाई त्यांच्याशी पंजा लढवायचे. अट एकच. हरलेल्याने आपल्या केबिनमध्ये बळासाठी जे जवळ बाळगलं असेल ते ठेवून जायचं. लुधियानाच्या कुलवंतसिंगचं पोलादी कडं. हुबळीच्या दस्तगीरची दोन टोकांची पितळी तलवार, हजरत अलींची. म्हापशाच्या सांतानचा बिल्ला, त्यावर पोराला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा संत. पालघाटच्या ड्रायव्हरचा शिसवी हत्ती, सिलीगुडीच्या बौद्ध पोराचं वज्र. लहानपणी मी ती फळी पुसायची तेव्हा मला वाटायचं, सगळ्या जगाची ताकद आमच्या घरात राहायला आली आहे.

आता तिथे फक्त मारुतीची तसबीर आहे. बाकी सगळ्या धर्मांचं गेलं, आपला तेवढा राहिला. तुझ्या दुकानाच्या शटरवर गेल्या वर्षी जो रागीट मारुती आला, तो मी पाहिला आहे. तेव्हा काही बोलले नाही. आता विचारते. ती फळी तू साफ केलीस का?

दुसरी गोष्ट अशी. भाईंचं डावं मनगट सुजलेलं होतं आणि निळं पडलेलं होतं. उजवी बाजू जानेवारीत झटक्याने गेली, ती मुळीच हलत नाही. धडपडणारा माणूस उजवीकडे पडतो. मग डावं मनगट कशाने निळं होतं? कुणीतरी धरल्याने होतं. मी चुकत असेन. चित्र अंधुक होतं आणि विनीताचा हात हलत होता. पण मी विचारलं नाही तर मी मुलगी कसली?

मी इथे तळमजल्यावर जागा घेतली आहे, भाईंसाठीच. बारा जुलैला अ‍ॅम्ब्युलन्स घेऊन येते आणि त्यांना कायमचं घेऊन जाते. त्याआधी मला या दोन प्रश्नांची उत्तरं हवीत.

आनंदी


कट्टा
१७ जून

आनंदीताई,

तुझं पत्र पोस्टमनने दुकानात आणून दिलं. समोर गिऱ्हाईक होतं. एका हाताने त्याला बल्बचा होल्डर दाखवत मी दुसऱ्या हाताने ते वाचलं. चौकीत दुसऱ्याने दिलेली जबानी आपल्याला वाचून दाखवावी, तसं वाटलं.

तुझ्या प्रश्नांना उत्तरं आहेत. पण ज्या तोंडाने विचारलीस त्या तोंडाला मी ती देणार नाही. एवढंच लिहितो की फळीवरचं मी काही काढलं नाही, जे गेलं ते ज्याचं त्याने नेलं. आणि भाईंचा हात या घरात कुणी मुरगळलेला नाही.

शटरवरचा मारुती गावातल्या पोरांनी रंगवला. मी नको म्हटलं नाही, कारण मला तो आवडतो. हाही गुन्हा लिहून घे.

तू बळाबद्दल कुणाला शिकवतेस? चार वर्षांपूर्वी दिवाळी अंकात तुझा लेख आला होता, सगळ्या धर्मांतल्या बळाच्या खुणांवर. त्यात शीख, मुसलमान, किरिस्तांव, बौद्ध, सगळे आपल्या फळीवर गळ्यात गळे घालून बसले होते. विनीताने तो भाईंना वाचून दाखवला. पूर्ण ऐकला त्यांनी. मग लेकीबद्दल म्हणाले, "चेडवान बरा लिवल्यान. पण ही माझी शिकार आसा, ह्या तिका कोण सांगतला?"

जानेवारीत तू रजा काढून आलीस, तीन आठवडे राहिलीस, चार पायांचा वॉकर दिलास आणि गेलीस. त्या वॉकरवर विनीता टॉवेल वाळत घालते. भाईंनी त्याला एकदाही हात लावला नाही. "माका बकरो करतंस?" म्हणाले. माणसाला काय दिलेलं चालतं, हे त्याच्याजवळ राहून कळतं.

बाराला ये. दार उघडं असेल. चहा विनीता देईल, मी देणार नाही.

विश्वेश


पुणे
२५ जून

विश्वेश,

तू उत्तर दिलं नाहीस, म्हणून मी ते दुसरीकडून मिळवलं.

आपल्या शेजारच्या सुदेशला फोन केला. तो खोटं बोलणारा माणूस नाही, निदान शाळेत तरी नव्हता. तो म्हणाला, संध्याकाळी तुमच्याकडे बाहेरची माणसं यायची. भाईंच्या खोलीतून आरडाओरडा ऐकू यायचा, हसण्याचे आवाज यायचे. आणि जाताना ती माणसं फळीवरचं काहीतरी हातात घेऊन जायची. मी विचारलं, "भाईंना ते हवं होतं का?" तो म्हणाला, "ताई, माका मदी घेव नको."

म्हणजे एका अर्ध्या अंगाने गेलेल्या म्हाताऱ्याभोवती तू रोज माणसं जमवतोस, त्याची गंमत होते, आणि त्याने जन्मभर मिळवलेलं सगळे लुटून नेतात. मनगट निळं पडेपर्यंत हे चालतं. यातला कुठला भाग मी चुकीचा समजले असेन, तर तो तू सांग. मी तीन दिवस शोधते आहे आणि मला दुसरा अर्थ सापडत नाही.

ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली प्रांत अधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मी माहिती काढली आहे. अर्ज अजून लिहिलेला नाही. लिहिण्याआधी तुला कळवते, कारण पाठीमागून वार करणं मला पटत नाही.

आनंदी


कट्टा
२ जुलै

आनंदीताई,

प्रांताकडे जाशील तेव्हा हेही सोबत जोड.

हे तुला कळवायचं नव्हतं. भाईंनीच बजावलं होतं, "आनंदीक सांगा नको, ती तेचो लेख करीत." पण आता तू मला त्यांना मारणारा ठरवलंस, तेव्हा त्यांचा शब्द मोडतो.

शिमग्याच्या सुमारास भाईंनी जेवण तोडलं. तोंड भिंतीकडे करून पडायचे. आम्ही खाट फिरवली, तर ते मान दुसरीकडे वळवायचे. विनीताच्या लक्षात आलं की त्यांना फळी बघायची नाही. उजवा हात चादरीवर पडलेला, आणि त्याच हाताने मिळवलेलं सगळं समोर मांडलेलं. मी म्हटलं, काढून ठेवतो, आणि पोतं आणलं. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा ते माझ्यावर ओरडले. तोंड वाकडं, तरी शब्द न् शब्द कळला.

"मेल्या, पोत्यात भरतंस? जिकलली वस्तू अशी जाता? हरल्याशिवाय ती हलूची नाय!"

"मगे कोणाकडे हरतल्यात?"

"जेची आसा तेच्याकडे. तो नाय तर तेचो झील. तोव नाय तर जो येयत तो."

"तुमचो हात खंय आसा लढवूक?"

त्यांनी डावा हात वर केला. "ह्यो काय पाय आसा?"

आपल्या माडांचे नारळ काढायला येतो तो बाबली त्या दिवशी दारात होता. त्याला आत बोलावलं. मध्ये स्टूल ठेवलं. बाबली कान पकडून म्हणाला, "भाईनु, माका पाप लागात." भाई म्हणाले, "पाप लागता की हात दुखता ता बघूया. बस." बाबलीने डोळे मिटून जोर केला आणि भाईंचा हात लगेच आडवा झाला. हत्ती त्याला गेला. आता तो बाबलीच्या टीव्हीवर उभा आहे. त्या रात्री भाईंनी मागून पेज घेतली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "बाटली पाण्यान भरून हाड," आणि ती डाव्या हाताने उचलत बसले. तुझा फिजिओथेरपीवाला जे सांगून गेला होता ते त्यांनी एक दिवस केलं नव्हतं. हे दिवसभर केलं.

मग मी फोन लावायला सुरुवात केली. कुणाचे नंबर भाईंच्या डोक्यात होते, कुणाचे इन्सुलीला जाऊन जुन्या गॅरेजवाल्याकडून मिळवले.

सांतान आता वेंगुर्ल्याला जेटीवर बर्फाची गाडी चालवतो. तो आला आणि भाईंनी त्याला हरवला. पुन्हा आला, पुन्हा हरला. तिसऱ्या वेळी जिंकला आणि तिथेच रडायला लागला. "भाई, आतां माझो सांत दी." भाई बिल्ला त्याच्यापुढे सरकवत म्हणाले, "व्हर. पण त्या पोराक घट धरूक सांग तेका, पावस सुरू जातलो." एवढं हसलो आम्ही. सुदेशने तुला कळवलेला आरडाओरडा तो हाच.

दस्तगीर वारला. त्याचा मुलगा भाजीची गाडी घेऊन गोव्याला जातो, तो वाट वाकडी करून आला. म्हणाला, "चाचा, अब्बा की निशानी है, ऐसे ही दे दो." भाईंचं हिंदी तुला माहीत आहे. "ऐसा कुछ नहीं मिलेगा. बैठो." पोरगा संध्याकाळी हरला, आमच्याकडे जेवला, पडवीत झोपला आणि सकाळी जिंकून तलवार घेऊन गेला. कडं शेवटी गेलं. कुलवंतचा आता हात थरथरतो, म्हणून पुतण्या आला. पैलवानाचा हात. भाई ऐकेनात, सोडेनात. मनगट तेव्हा मुरगळलं. त्याच संध्याकाळी डॉक्टरला दाखवलं. तुझा व्हिडिओ त्यानंतर दोन दिवसांनी झाला.

वज्राला मात्र वारस मिळाला नाही. ते सुदेश जिंकून घेऊन गेला. हो, तोच सुदेश. त्याच्या कपाटावर काय चमकतं ते विचार त्याला, शाळेतल्यासारखं खरं सांगतो का बघ.

आणि मारुती का राहिला? कारण तो जिंकलेला नाही, तो पहिल्यापासून घरचा. देव कधी कुणी पैजेला लावला नाही, हॉटेलातसुद्धा नाही. तू फळी पुसायचीस आणि एवढं तुला ठाऊक नाही.

मलाही भाई म्हणाले होते, "बस रे विश्वेश, एकदा तू लढ." मी बसलो नाही. का ते तुला सांगणार नाही.

विश्वेश


पुणे
७ जुलै

विश्वेश,

पत्र पोचलं. "लुटून नेतात" हे शब्द मागे घेते. मारल्याचा संशय मागे घेते. मारुतीबद्दल लिहिलेलंही मागे घेते, ते मी रागात लिहिलं आणि माहिती न घेता लिहिलं. सुदेशला फोन केला. वज्र त्याच्याकडे आहे. त्याने माझी माफी मागितली. मी ती घेतलेली नाही.

बाकीचं मागे घेत नाही. आजारी माणसाचा हट्ट पुरवणं म्हणजे त्याची सेवा, असं तुला वाटतं. मनगट मोडलं असतं तर? दुसरा झटका आला असता तर? आणि हे सगळं चालू असताना मला, त्यांच्या मुलीला, एका ओळीने कळवावंसं वाटलं नाही. भाईंनी मना केलं हे कारण तुझ्या सोयीचं होतं. तुला ते माझ्यापासून लपवायला आवडलं. मी चुकत असेन, पण वाटत नाही.

बाराला येते.

आनंदी


कट्टा
१६ जुलै

आनंदीताई,

तू नेलंस त्याला चार दिवस झाले. खाटेवरची गादी विनीता अजून उचलू देत नाही.

तुझ्या डायरीत तू हे तुझ्या पद्धतीने लिहिलं असशील. मी दाराशी उभा होतो, मला दिसलं ते लिहितो.

तू आलीस. चपला काढायच्या आधी फळीकडे बघितलंस. बाहेर अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर निलेश पडवीत घावणे खात बसला होता. भाई उशीला टेकून बसलेले, दाढी केलेले. त्यांना माहीत होतं तू कशाला येते आहेस.

"माका व्हरूक इलंस?"

"हो भाई."

"मगे बस."

"भाई, असं नका ना करू. तुमचं मनगट अजून..."

"फळीर आता मीच उरलंय. जिकलंस तर व्हर. हरलंस तर गाडी रिकामी धाड. बस गो."

स्टूल मीच आणून ठेवलं. मला वाटलं, तू हात सैल सोडशील. विनीताला तसंच वाटलं. निलेशसुद्धा हातातला घावणा तसाच धरून माझ्या कानाशी म्हणाला, "ताई सोडतली, बघा."

तू सोडला नाहीस. तू दात आवळलेस, खांदा खाली घातलास आणि पूर्ण जोर लावलास. मी तुझ्या मानेची शीर बघितली. त्यांचा हात थरथरत किती वेळ उभा राहिला! आणि मग स्टुलावर आपटला. अर्ध्या अंगाचा बाप, आणि तू सेहेचाळीस वर्षांची धडधाकट मुलगी. सांतानने तीन खेपा घातल्या. दस्तगीरच्या पोराने रात्र काढली. ती परकी माणसं. तुला एका दमात हवं होतं.

भाई काय म्हणाले? "बरा. विश्वेश, माझे कपडे काढ रे." मी मारुतीची तसबीर उतरवायला गेलो, तर म्हणाले, "तो हयचो. तो येवचो नाय." गाडीत घालताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी त्यांना विचारणार होतो की थांबता का. पण त्यांनी शब्द दिलेला, आणि त्या माणसाला शब्द मोडायला सांगण्याची माझी छाती नाही.

तुझ्या लेखात सिंह होता, हत्ती होता, संत होता, तलवार होती. आता स्वतःचं घाल.

मला पत्र लिहू नकोस.

विश्वेश


पुणे
८ ऑगस्ट

विश्वेश,

लिहू नकोस म्हणाला होतास. लिहिते आहे. मधले तीन आठवडे गप्प राहिले, ते तुझ्या सांगण्यामुळे नाही. काय लिहावं ते मला ठरत नव्हतं.

तू दाराशी उभा राहून जे पाहिलंस ते तसंच घडलं. एक शब्दही जास्तीचा नाही. मी जोर का लावला याची तीन कारणं मी डायरीत लिहिली. पहिलं, बापाशी हाताने खोटं बोलू नये. मुद्दाम हरले असते तर त्यांना तिथेच कळलं असतं आणि त्यांनी जन्मभर माझं तोंड पाहिलं नसतं. दुसरं, मला भाई हवे होते. माझ्याजवळ, माझ्या घरात, कसेही. तिसरं, तू दारात उभा होतास आणि मला तुला हरवायचं होतं. तिसरं खरं आहे. दुसरंही खरं आहे. पहिलं मी गाडी कोल्हापूरला पोचेपर्यंत शोधून काढलं.

आता इथलं सांगते. भाई सगळं करतात. सकाळी फिजिओथेरपीची बाई येते, ती म्हणते असा शहाणा पेशंट तिने पाहिला नाही. हात वर म्हटलं की हात वर. वॉकर दिला, तो धरतात. चार पावलं चालतात. जेवायला वाढलं की जेवतात. "बरं वाटतं का?" विचारलं की "बरा आसा" म्हणतात. बाटली मी स्वतः भरून शेजारी ठेवली. त्यांनी तिच्यातलं पाणी प्यायलं.

बकरा म्हणाले होते ना? आता काही म्हणत नाहीत. माझ्या घरात एक वस्तू आणून ठेवावी आणि ती ठेवली तिथे राहावी, तसे राहतात.

परवा मी खुर्ची ओढून समोर बसले. म्हटलं, "भाई, घरी जायचं का परत? मी सोडून येते."

"माका इचारतंस? तू जिकलंस."

"मग मी परत देते."

"फुकट? कुलवंत त्या कड्यासाठी तीन दिस पाया पडत व्हतो. दिलंय मी?"

"मग पुन्हा बसू. तुम्ही मला हरवा आणि जा."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, इथे आल्यापासून पहिल्यांदा. लहान मुलीला काहीच कसं कळत नाही, असं. "गो आनंदी, त्या हत्तीन कधी स्वताक सोडवल्यान? वस्तू लढना नाय. तिच्यासाठी दुसरो येवचो लागता."

मी उठून कागद शोधायला गेले.

म्हणून हे पत्र. गोड करून लिहिणार नाही. तुझ्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. तू माझ्यापासून लपवलंस, मला प्रत्येक पत्रात ओरबाडलंस, आणि ओरबाडताना तुला बरं वाटत होतं. मलाही तुला ओरबाडताना बरं वाटलं, हेही लिहून ठेवते. आपण एकमेकांना माफ करायची काही गरज नाही. पण तुला यावं लागेल.

ये, आणि माझ्यासमोर बस. डाव्या हाताने, कारण शेवटचे सगळे पंजे त्याच हाताने झाले. भाईंनी सांगितलं तेव्हा तू बसला नव्हतास. का ते सांगणार नाही म्हणालास. सांगू नकोस, मला साधारण कळतं. त्यांना हरवायला तुझा हात उठला नसता. माझा उठला. मी तशी आहे, तू तसा नाहीस, आणि यातलं कुठलं बळ ते मला खरंच ठरवता येत नाही. लेख लिहिताना मात्र मला सगळं माहीत होतं.

जिंकलास तर त्याच दिवशी घेऊन जा, गाडी मी सांगते. हरलास तर पुन्हा ये. सांतान आला तसा ये. पण मी हात सैल सोडेन अशा आशेवर येऊ नकोस. सैल सोडला तर ते भाईंना समोर बसून दिसेल, आणि मग ते तुझ्याबरोबरही यायचे नाहीत. मी सराव सुरू केला आहे. ती पाण्याची बाटली आता मी उचलते.

हे सगळं मी त्यांना वाचून दाखवलं. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "विश्वेशाचो हात वायरी ओढून ओढून घट झालोहा. सांबाळ."

मी विचारलं, "तुम्ही कुणाच्या बाजूने?"

"वस्तूक बाजू नसता," म्हणाले. आणि हसले, विश्वेश. अर्धं तोंड हसलं. मग वॉकर पायाने ढकलून दिला आणि म्हणाले, "तेका सांग, येताना दाढी करून ये. रडको दिसता."

नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी मी घरी आहे.

आनंदी

(डायरीतून) उद्या: पंजा जेवणाच्या टेबलावर लढवायचा, त्याचा एक पाय हलतो, सुताराला बोलावून तो पक्का करून घेणे.